हलगी, देव आणि नकार

ज्या कामाला माणसाला नाही म्हणता येत नाही, ते काम देवाची पूजा ठरू शकतं का? किती तरी वर्षं हा प्रश्न माझ्या मागं लागलेला आहे. तो मला पोथीतून सापडला नाही, हातातल्या कामातून सापडला. मी हलगी वाजवतो. वडील वाजवायचे, आजा वाजवायचा. लातूरहून नांदेडला जाणारा रस्ता अहमदपूर, लोहा असा जातो. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत आमच्या ताफ्यानं लग्नं वाजवली, पोळे वाजवले, जत्रा, कुस्त्यांचे फड, निवडणुकीचा गुलाल आणि मयती वाजवल्या. आता साठी ओलांडली. लोक बोलावून शाल देतात आणि भाषणात म्हणतात, ‘तुमची हलगी म्हणजे देवाचं वाद्य, तुमची सेवा म्हणजे भक्ती.’ बोलणाऱ्याचं मन स्वच्छ असतं, हे मला दिसतं. तरी ते वाक्य मला जसंच्या तसं घेता येत नाही. ज्या सेवेला ते भक्ती म्हणतात, ती माझ्या वडिलांनी कशी केली ते मी जवळून पाहिलेलं आहे.

आधी वाद्य सांगतो. ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. हलगी म्हणजे एक कडं आणि त्याच्या एका तोंडावर ताणलेलं बकरीचं कातडं. कडं पूर्वी लाकडाचं असायचं, पुढं लोखंडाचं आलं. कातडं भिजवायचं, केस काढायचे, ओलं असतानाच कड्यावर ओढून बांधायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. उन्हात घाई केली तर ते तडकतं. हलगी डाव्या खांद्याला अडकवून अंगाशी धरायची. उजव्या हातात टिपरू, डाव्या हातात बारीक, लांब काडी. टिपरू मधोमध पडलं की घुमारा उठतो, काडी कडेजवळ पडली की आवाज कडाडतो. डाव्या हातानं कडं पेलायचं आणि त्याच हाताच्या बोटांनी काडीही खेळवायची, हे साधायला पोराची वर्षं जातात. हवेत ओल आली की कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो, म्हणून वाजवायच्या आधी जाळ करून हलगी शेकावी लागते. आमच्याकडं तूर मोठी पिकते, म्हणून जाळ तुराट्यांचा. कातडं कितपत तापलं ते टिचकी मारून कळतं. कमी तापलं तर बोलत नाही, जास्त तापलं तर फाटतं.

प्रसंगाप्रमाणे ठेका बदलतो. देवाचा वेगळा, नवरदेवाच्या वरातीचा वेगळा, पैलवान लाल मातीत उतरला की वेगळा, तिरडीपुढचा वेगळा. चुलीपुढं बसलेल्या बाईला घराबाहेर न येता कळतं की गावात लग्न निघालं की मयत निघाली. एवढी समज त्या दोन लाकडांत भरलेली आहे. ती कुणी कागदावर उतरवलेली नाही. बापानं मुलाच्या मनगटाला धरून ती दिलेली आहे. या विद्येचा मला अभिमान आहे, आणि पुढचं सगळं मी त्या अभिमानासकट लिहितो आहे.

आता वाजवणाऱ्याची जागा. मी मातंग समाजातला. गावगाड्यात हलगी हे आमच्या वाट्याचं काम, काही गावांत ते महारांकडंही होतं. मोबदला म्हणजे बलुतं: सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं आणि देणारा देईल ते पदरात घ्यायचं. पोळ्याला बैलांपुढं हलगी, पालखीपुढं हलगी, नवरदेवापुढं हलगी. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं चालणारा माणूस पंगतीला मात्र सगळ्यांच्या नंतर, लांब, स्वतःचं भांडं घेऊन बसायचा. मारुतीच्या देवळात आरतीच्या वेळी हलगीचा आवाज गाभाऱ्यापर्यंत जायचा. वाजवणारा पाराखाली उभा.

माझी आजी वारली तेव्हा मी शाळेत होतो. ती पहाटे गेली आणि त्याच दिवशी गावात देवाची पालखी निघायची होती. गावातून निरोप आला, ‘आधी पालखी होऊ द्या, मयताचं मागून बघा.’ सुतकात असलेल्या माणसानं देवाच्या कामाला हात लावू नये, हा नेम गावाला पक्का माहीत होता. पण आमच्या घरचं सुतक गावाच्या हिशेबात धरलं जात नव्हतं. माय म्हणाली, ‘आज जाऊ नगा.’ वडील म्हणाले, ‘उद्या ह्याच गावात ऱ्हायाचंय.’ त्यांनी जाळ केला, हलगी शेकली, दुपारभर पालखीपुढं वाजवली आणि दिवस मावळताना आपल्या आईला माती दिली. रात्री गावातले एक वडीलधारे गृहस्थ आमच्या दारापाशी आले आणि म्हणाले, ‘आज तू देवाची खरी सेवा केलीस.’ वडील काही बोलले नाहीत.

माझा प्रश्न त्या दिवसाचा आहे. त्या दुपारी देवाला काय पोचलं? ठेका चुकला नव्हता. आवाज चोख होता. पालखी वेळेवर देवळात गेली. बाहेरून पाहणाऱ्याला पूजेत काही उणं दिसलं नसतं. पण वाजवणाऱ्याचं मन त्यात नव्हतं, आणि ते नसावं अशीच व्यवस्था होती. मन आहे की नाही हे कुणी विचारलंच नव्हतं.

असल्या कामाला धर्माचा आधार देताना गीतेतला स्वधर्म पुढं केला जातो. आपल्या वाट्याला आलेलं काम उणं असलं तरी तेच करावं, दुसऱ्याचं काम कितीही बरं दिसलं तरी घेऊ नये, असा त्याचा अर्थ आम्हांला कीर्तनात ऐकवला गेला. हे तत्त्व शूर माणसाला रणांगणावर सांगितलेलं आहे. अर्जुनानं धनुष्य खाली ठेवलेलं होतं, तो नाही म्हणाला होता, आणि त्याचं नाही ऐकून घेऊन त्याला अठरा अध्याय समजावून सांगितलं गेलं. शेवटी ठरवण्याची मोकळीकही त्यालाच दिली गेली. माझ्या वडिलांना कुणी एक अध्यायही समजावून सांगितला नाही. निरोप आला आणि ते गेले. ज्याला नकाराची मुभा आहे, त्याला सांगितलेला स्वधर्म आणि ज्याला ती नाही, त्याच्यावर लादलेलं काम, या दोन्हींना एकच नाव देणं हा गीतेवरही अन्याय आहे.

दुसरा आधार विटाळाचा. हलगीवाला मेलेल्या जनावराच्या कातड्याला हात लावतो, म्हणून तो लांब. हा युक्तिवाद खरा की खोटा, ते तपासायला शास्त्री लागत नाही, दोन वाद्यं शेजारी ठेवली की पुरे. पखवाज घ्या. त्याची दोन्ही तोंडं कातड्याची, ती ओढून धरणाऱ्या वाद्या कातड्याच्या. उजव्या पानावर शाई, डाव्या पानावर वाजवण्याआधी कणीक लावतात. हा पखवाज कीर्तनात बुवांच्या शेजारी उभा असतो, सप्ताहात दिवसरात्र वाजतो, विठ्ठलापुढं वाजतो. आमच्या शेजारच्या अंबाजोगाई भागातले शंकरबापू आपेगावकर याच वारकरी परंपरेतून पुढं आले, पखवाज त्यांनी देशभर नेला आणि त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या विद्येपुढं मी हात जोडतो. मला एवढंच दाखवायचं आहे की कातडं गाभाऱ्याजवळ गेलं आणि देव बाटला नाही.

दक्षिणेत हेच आणखी उघड दिसतं. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिलं, ते मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर आहे. मृदंगाला गाईचं, म्हशीचं आणि बकरीचं कातडं लागतं. ते कमावणारे आणि चढवणारे हात बहुतांशी दलित ख्रिस्ती घरांतले. तयार मृदंग मंचावर गेला की पवित्र, आणि त्याला आवाज देणारा कारागीर दाराबाहेर. पुस्तकाच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्र या संस्थेनं दिलेली सभागृहाची परवानगी ऐन वेळी काढून घेतली गेली.

उलटा पुरावा आमच्या घरात आहे. अलीकडं बऱ्याच हलग्यांना कातडं राहिलंच नाही. त्यावर फायबरचं पान बसतं, ते नटबोल्टनं आवळायचं, शेकायची गरज नाही, पावसाचं भय नाही. माझ्या पुतण्याच्या हलगीत जनावराचा अंशही नाही. मग विटाळ गेला का? तो ताफा घेऊन एका लग्नाला गेला तेव्हा पाणी प्यायला त्याला वेगळा जग दाखवण्यात आला. कातडं असलेला पखवाज सोवळ्यात बसतो आणि प्लास्टिकची हलगी ओवळ्यात राहते, म्हणजे दोष कातड्यात कधीच नव्हता. तो वाजवणाऱ्याच्या असहायतेवर बसवलेला होता. ज्याला नाही म्हणता येत नव्हतं, त्याला अपवित्र ठरवणं सोपं होतं.

म्हणून ज्यांनी हलगी टाकली, त्यांच्याविषयी मला बोललंच पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर गावोगावच्या महार वस्त्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि ज्या गावांत हलगी त्यांच्याकडं होती तिथं अनेकांनी तीही सोडली. आमच्या शेजारच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं स्वतःची हलगी जाळात घातली, असं वडील सांगायचे. शेकायला जाळ करतात तसाच तो केला आणि हलगी वर धरण्याऐवजी आत टाकली. तो आमच्या टापूतला सगळ्यांत चांगला हात होता, म्हणत. गावानं चिडून त्याचं धान्य बंद केलं. तो मजुरीला गेला, पोरांना शिकवलं आणि पुन्हा टिपरू हातात धरलं नाही.

कलेचा अभ्यास करणारे मला कधी कधी म्हणतात, ‘केवढी मोठी कला बुडाली!’ बुडाली, खरं आहे. त्याचे ठेके आता कुणालाही येत नाहीत. तरीही मी त्या म्हाताऱ्याच्या बाजूनं उभा राहतो. माझ्या दृष्टीनं त्याची ती आग हीच त्याची पूजा होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या हलगीचं काय करायचं ते स्वतः ठरवलं होतं. बीड जिल्ह्यात मानवी हक्क अभियान उभं करणारे एकनाथ आवाड यांचे वडील पोतराज होते. अंगावर आसूड ओढत दारोदार फिरायचं, वाढलेल्या जटा आयुष्यभर वागवायच्या, हे देवाचं देणं मानलं जायचं. आवाडांनी पोतराजांच्या त्या जटा कापण्याची मोहीम चालवली. ज्यांच्या जटा उतरल्या, त्यांच्यावर मरीआईचा कोप झाला नाही. देवीला त्या जटा हव्या होत्या, की गावाला?

पण सोडणं हा एकच मार्ग आहे का? तमिळनाडूत पराई नावाचं वाद्य आहे. आमच्या हलगीचंच भावंड: एका कड्यावर ताणलेलं कातडं, दोन काड्या, शेकायला जाळ. तेही मयतीला आणि गावकामाला बांधलेलं. तिथंही अनेकांनी अपमान नको म्हणून ते टाकलं. पुढच्या पिढीतल्या कलावंतांनी मात्र तेच वाद्य उचललं आणि मोर्चात, मंचावर, शाळांत वाजवलं. मदुराईचे वेलू आसान यांना २०२५ मध्ये पराईसाठी पद्मश्री जाहीर झाली. टाकणाऱ्यांनी आणि उचलणाऱ्यांनी मिळून एकच गोष्ट कमावली: हे वाद्य आमच्या मर्जीनं वाजेल.

हा विचार आमच्या मातीला नवा नाही. वडील जन्मले तेव्हा आमचा अहमदपूर तालुका निजामाच्या राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मराठी मुलखात आले. त्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण हे बाराव्या शतकातल्या बसवण्णांचं कल्याण. तिथं त्यांच्या सोबतच्या शरणांनी कायकाचा विचार मांडला: प्रत्येकाचं प्रामाणिक काम ही पूजा, आणि कुठलंही काम हलकं नाही. त्या शरणांत चामड्याचं काम करणारे हरळय्या होते आणि मातंग चन्नय्यांचं नाव बसवण्णा आदरानं घेत. त्यांच्यातच ढक्केय बोमण्णा होते. मारीदेवतेला डोक्यावर घेऊन ढक्का वाजवत फिरणं हे त्यांचं कायक. म्हणजे आमच्याच वाटेचा माणूस. त्यांची वचनं कन्नडमध्ये आजही वाचली जातात. आठशे वर्षांपूर्वी एका वाजवणाऱ्यानं स्वतःच्या शब्दांत देवाविषयी लिहिलं आणि शरणांच्या सभेनं, अनुभवमंटपानं, ते ऐकून घेतलं.

बोमण्णांचं आणि माझ्या आजाचं काम वरून सारखं दिसतं. फरक कुठं होता? बोमण्णांना बसायला जागा होती आणि बोलायला तोंड होतं. ‘काम ही पूजा’ हे वाक्य त्या सभेत खरं होतं, कारण तिथं काम करणाऱ्याला विचारलं जात होतं. तेच वाक्य पाराखाली उभ्या माणसाला ऐकवलं की त्याचं ओझं होतं. कल्याणनंही याची किंमत मोजली. हरळय्यांच्या मुलाचं ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी लग्न लागलं तेव्हा दोन्ही बापांना देहदंड झाला आणि शरणांना कल्याण सोडावं लागलं. समतेचा विचार राज्याला सहन होत होता, जोवर तो विचार होता.

आमच्या चोखोबांचं चरित्रही मी असंच वाचतो. महाद्वाराबाहेर उभं राहून त्यांनी विठ्ठलावर प्रेम केलं. ते प्रेम कुणी सांगून केलेलं नव्हतं, म्हणून त्यांचे अभंग आजही आतून हलवतात. पण त्यांचा मृत्यू कसा झाला? मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला माणसं धरून नेली होती, ती भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. परंपरा हे साल १३३८ सांगते. एकाच माणसाच्या आयुष्यात भक्तीही होती आणि वेठही होती. आपण त्यांची भक्ती गातो आणि वेठ विसरतो. नामदेवांनी त्यांच्या अस्थी महाद्वारापाशी आणल्या. पण चोखोबांच्या माणसांना त्या दारातून आत जायला १९४७ उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं.

आता नांदेडकडं या. गोदावरीकाठच्या सचखंड हुजूर साहिबमध्ये होळीच्या सुमारास हल्ला-मोहल्ला निघतो. घोडे, निशाणं आणि नगारा. तिथं वाजवण्याचं मोठं काम मला कधी मिळालं नाही, पण ते पाहायला मी मुद्दाम जातो. नगारा वाजवणं हा एके काळी राजाचा मान होता. गुरू गोविंदसिंगांनी आनंदपुरात रणजीत नगारा बनवून घेतला, तेव्हा शेजारचे डोंगरी राजे रुष्ट झाले: राज्य नसलेल्या माणसानं नगारा कसा वाजवायचा? गुरूंनी तो वाजवला. १६९९ च्या वैशाखीला पंजप्यारे निवडले गेले, त्यांतले भाई साहिबसिंग हे बीदरचे, न्हावी समाजातले. म्हणजे बलुतेदाराच्या घरचा एक माणूस आमच्या जुन्या जिल्ह्यातून निघून तिथवर पोचला होता. १७०८ मध्ये गुरू नांदेडला निवर्तले आणि त्या नगाऱ्याचा मान आमच्या शेजारी येऊन राहिला.

चार-पाच तासांच्या रस्त्यावर कातड्याची ही तीन वाद्यं आहेत. पखवाजाला आत जागा, हलगीला बाहेर जागा, आणि नगारा सांगतो की वाजवणारा कुणाचा ताबेदार नाही. कातडं तेच. वाद्याचा धर्म वाजवणाऱ्याच्या मोकळिकीवर ठरतो, हे मला हुजूर साहिबच्या दारात उभं राहून उमगलं.

वडिलांची पूजाही मी पाहिलेली आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, बैल यांचा बाजार, वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड आणि आभाळभर भंडारा. वडील तिथं स्वतःच्या पैशानं जायचे. सुपारी नाही, इसार नाही, कुणाचा निरोप नाही. गर्दीत एका कडेला उभे राहायचे आणि देवाकडं तोंड करून वाजवायचे. गावात कधी न ऐकलेले ठेके मी तिथं ऐकले. थकले की थांबायचे, वाटलं की पुन्हा सुरू करायचे. थांबायची मुभा त्यांना वर्षातून तेवढीच मिळायची. त्या वाजवण्याला मी बिनशर्त पूजा म्हणतो.

मयतीच्या हलगीबद्दल माझं मन किल्लारीच्या भूकंपानं घडवलं. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. आमचा ताफा औशाकडच्या एका गावात विसर्जनाला वाजवायला गेला होता. रात्री उशिरा हलग्या उतरवून आम्ही तिथंच अंग टाकलं. गावोगावची माणसं तशीच दमून झोपलेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. उजाडल्यावर आम्ही हलग्या ठेवल्या आणि दगड उचलायला गेलो. चिता सामूहिक पेटल्या. कोण कुणाच्या शेजारी ठेवला जातो, हे कुणी पाहिलं नाही. कुठंही हलगी वाजली नाही.

लहानपणापासून आम्हांला सांगितलं होतं की मयतीपुढं हलगी वाजली नाही तर जीव अडकतो, म्हणून मांगानं आलंच पाहिजे. त्या दिवशी हजारो जीव हलगीशिवाय गेले आणि त्यांची गती अडकली, असं एकाही भटजीनं किंवा पाटलानं म्हटलं नाही. म्हणजे मेलेल्याला हलगी लागत नव्हती. देवालाही लागत नव्हती. लागत होती ती जिवंत माणसांना. ही गरज खोटी नाही, उलट फार खरी आहे. दुःखाला चालायला ठेका लागतो. पण माणसाची गरज माणसानं माणसाला विचारून भागवायची असते. देवाचं नाव पुढं करून ती हुकमानं भागवता येत नाही.

काही महिन्यांनी तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे एक आजोबा मला भेटले. घरातली सगळी माणसं गेली होती. ते म्हणाले, ‘पोरा, तुला जमत असंल तरच बघ. माझ्या माणसांपुढं कुणी वाजवलं न्हाई.’ त्यांची जात कोणती, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी माझी विचारली नाही. मी तुराट्या गोळा केल्या, हलगी शेकली आणि जिथं त्यांचं घर होतं त्या ढिगाऱ्यापुढं तिरडीचा ठेका वाजवला. ‘जमत असंल तरच’ हे शब्द आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी ऐकलेले नव्हते. नाही म्हणायची वाट समोर उघडी होती, म्हणून माझं हो पूर्ण होतं.

राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवली आणि तेविसाव्या कलमानं वेठबिगारीला बंदी केली. सतरावं कलम पुष्कळांना माहीत असतं, तेविसावं कमी जणांना. हलगीवाल्यासाठी दोन्ही एकत्र वाचावी लागतात. पाराखाली उभा असलेला माणूस वर आला, पण त्याला अजून हुकमानंच बोलावलं जात असेल, तर काम अर्धंच झालं. माझ्या मते हा कायद्याइतकाच धर्माचाही प्रश्न आहे. देवापुढं ठेवायची वस्तू आपली असावी लागते. चोरून आणलेलं फूल वाहू नये, असं आपण लेकरांना शिकवतो. मग दुसऱ्याच्या मनगटातून ओढून काढलेला आवाज देवाला कसा वाहता येईल?

माझा मोठा मुलगा नांदेडला बँकेत आहे. तो हलगीला हात लावत नाही, आणि तू लाव असं मी त्याला कधी म्हणणार नाही. पुतण्या बी.ए. झाला आणि आपणहून ताफ्यात आला. पुण्या-मुंबईपर्यंत त्याच्या सुपाऱ्या असतात. त्याला मी सोड म्हणत नाही. दोघांनीही आपापलं ठरवलं आहे आणि माझ्या नजरेत दोघंही घराण्याचं नाव राखतात. ताफ्याचे नेम मात्र मी घालून दिले आहेत. बिदागी आधी ठरते. जेवण सगळ्यांच्या पंगतीत होतं. आमच्यापैकी कुणाच्या घरी सुतक असेल, आजारपण असेल किंवा नुसतं मन नसेल, तर तो येत नाही आणि त्याला कुणी कारण विचारत नाही. देवाच्या पालखीलाही हाच नेम. एका गावच्या पुढाऱ्यांनी विचारलं, ‘देवाच्या कामालाही अटी?’ मी म्हणालो, ‘दादा, देवाच्या कामाला तर पहिल्यांदा. तिथं खोटं वाजवून चालत नाही.’

त्या गावानं पहिल्या वर्षी दुसरा ताफा नेला. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, अटी मान्य करून. आता तिथं पालखीच्या आदल्या दिवशी देवस्थानची दोन माणसं घरी येतात, चहा घेतात आणि ‘येता का?’ असं विचारतात. आम्ही बहुतेक वेळा हो म्हणतो. एका वर्षी पुतण्याच्या घरी अडचण होती, तेव्हा आम्ही नाही म्हणालो. पालखी टाळमृदंगावर निघाली, देव देवळात पोचला आणि गावात कुणाचं काही बिघडलं नाही. त्यानंतरच्या वर्षी आम्ही पालखीपुढं वाजवलं, तेव्हा ते वाजवणं देवाला वाहिलेलं आहे, हे म्हणायला मला कुठलीच अडचण वाटली नाही.